मुठीवरच्या खुणा

"आता ऐकलंत?" लॉन्ड्रीवाल्या बाईंनी विचारलं, आणि तो "हो" म्हणाला. बोलून गेला. त्याच्या गॅरेजमध्ये बाईंच्या पिकअपचं बॉनेट उघडं होतं, इंजिन सुरू होतं, बाईंनी एक बोट हवेत धरलं होतं आणि मान जराशी कलती केली होती, म्हणजे नेमक्या त्या क्षणी तिथे काहीतरी वाजत होतं. त्याला मात्र इंजिनाची नेहमीची घरघर तेवढी ऐकू येत होती, तीही शेजारच्या घरातून आल्यासारखी. त्यानं बाईंच्या बोटाकडे पाहिलं, बोटाच्या रोखानं इंजिनाकडे पाहिलं आणि भुवया अशा काही आवळल्या, की बघणाऱ्याला वाटावं, सापडला चोर.

"चला, म्हणजे मला भास होत नाहीयेत," बाई म्हणाल्या. त्या मोठ्यानं बोलायच्या, मशिनांच्या खोलीत दिवस काढणारी माणसं बोलतात तशा, त्यामुळे त्यांचं बोलणं समजायला अडचण नव्हती. "घरचे म्हणतात, तुझ्या डोक्यातच मशिनं फिरतायत. पण धुताना ड्रममध्ये शर्टाचं बटण सुटून पडलं ना, की कसं वाजतं, तस्संच आहे हे. खुळखुळ, खुळखुळ. चढावर जास्त."

"पत्रा ढिला झालाय. सायलेन्सरवरचा," तो म्हणाला. "आवळून देतो."

पत्रा. हा शब्द तोंडातून इतक्या सहज बाहेर पडला, की त्याचं त्यालाच बरं वाटलं. अशा दहा तक्रारी आल्या तर सहा-सात वेळा पत्राच असतो. तापतो, गंजतो, बोल्ट सैल होतो आणि वाजायला लागतो. अंदाज म्हणून काही वाईट नव्हता. पण अंदाज हा शब्द मनात आला आणि तो पान्यांच्या फळीजवळ उगाचच दोन मिनिटं उभा राहिला. कारण चाळीस वर्षांत त्यानं अंदाज कधी केला नव्हता. अंदाज बाकीच्यांनी करायचे आणि त्यानं ऐकायचं, अशीच वाटणी होती. गिऱ्हाईकं त्याला कानसेन म्हणायची. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हातातला चहाचा कप खाली न ठेवता हा सांगायचा, दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट, आणि ड्रायव्हर उतरून तक्रार सांगायला तोंड उघडायचा तेव्हा इकडे पाना हातात तयार असायचा. लोक तोंडात बोटं घालायचे. ते त्याला आवडायचं; नाही कशाला म्हणा, फार आवडायचं. बायको म्हणायचीसुद्धा, गाडीचं कण्हणं ऐकू येतं ह्यांना, माणसाचं येत नाही. तेव्हा तो नुसता टोमणा होता.

आता तो टोमणा राहिला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. दोन वर्षं तो आपल्या कानात मळ साठलाय असं म्हणत होता. तेल घालून झालं, कापूस घालून झाला. डॉक्टरकडे जाऊ या, असं बायकोनं म्हटलं की ह्याला त्याच दिवशी नेमकं काम निघायचं. मागच्या वर्षी गॅरेजसमोरचं मोठं झाड तोडलं, तेव्हापासून पाखरं गेली असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला होता, तावातावानं, शहरं कशी ओसाड होत चालली आहेत वगैरे. एका सकाळी बायकोनं खिडकीकडे नुसतं बोट दाखवलं. गजांवर चार-पाच चिमण्या बसल्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, आणि खोलीत काही आवाज नव्हता.   बायकोनं चहा पुढे ठेवला आणि त्यानं बिस्किट चावलं, त्याचा कुरकुर आवाज मात्र त्याच्या डोक्यात घरभर घुमला. स्वतःचं चावणं, गिळणं, खाकरणं हे सगळं अलीकडे नको इतकं मोठं झालं होतं. बाहेरचं जग दाराबाहेर ठेवून कोणीतरी आतून कडी लावल्यासारखं झालं होतं.

त्यानं पत्रा आवळला. दोन बोल्ट खरंच थोडे सैल निघाले, आणि त्याला एवढा आनंद झाला की त्यानं बाईंना बोलावून ते दाखवले. बाईंनी मान डोलावली आणि एक चक्कर मारून येते म्हणाल्या. त्या गेल्यावर त्यानं खिळ्यावरची सळई काढली, फडक्यानं पुसली आणि परत टांगली. हातभर लांबीची लोखंडी सळई, टोकाला लाकडाची गोल मूठ. टोक इंजिनाच्या एकेका भागाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की तेवढ्या भागाचा आवाज वेगळा होऊन वर येतो. ती त्याच्या मिस्त्रींची, ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला त्यांची. मुठीवर चार-पाच खोलगट खुणा होत्या, एका ओळीत. उंदरांनी कुरतडली असेल नाहीतर कोणीतरी पकडीत आवळली असेल. कानाला लावली की त्या खुणा कानाच्या पाळीला टोचायच्या. इतकी वर्षं टोचत होत्या, की आता त्यांच्याशिवाय त्याला चुकल्यासारखं झालं असतं. सकाळी बाई आल्या तेव्हा त्यानं ही सळई काढली नव्हती. का काढली नाही, तेही त्याला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी एका गाडीला लावून पाहिली होती, आणि सळईतून नुसती एक बोजड धडधड आली होती, बस. त्यानंतर ती तो पुसायचा फक्त.

पिकअप परत आली. बाई उतरल्या त्या मानेनंच नाही म्हणत. भाचा तोवर सुटे भाग घेऊन परतला होता आणि दुसऱ्या गाडीखाली सरकायच्या बेतात होता. तो थांबला. भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, हाताचा पक्का, बोलायला कमी. त्याची एकच खोड मामाला सहन व्हायची नाही. गिऱ्हाईक काही बोललं, की हा मामाच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहायचा आणि तेच परत बोलून दाखवायचा.

"मामा, ताई म्हणतायत आवाज गेला नाही," भाचा म्हणाला. "उलट वाढलाय म्हणतायत."

"त्यांना तोंड आहे ना? पोपट कशाला पाहिजे मधे?"

भाचा जरा हसला. मग बॉनेटवर वाकला, थोडा वेळ तसाच राहिला आणि अगदी जपून म्हणाला, "पुढून येतोय का रे मामा? पंख्याकडून?"

"तू मला शिकवणार का आता?"

हे तो जरा जास्तच जोरात बोलला असावा. बाईंनी दुसरीकडे पाहिलं. भाच्यानं हात वर केले, म्हणजे राहिलं, आणि मुकाट्यानं गाडीखाली सरकला. गाडीखालून फक्त त्याचे बूट दिसत राहिले. बाई म्हणाल्या, दोन वाजता ह्याच गाडीत गाठोडी भरून टेकडीवरच्या हॉस्पिटलात जायचंय, ऑपरेशनच्या चादरी आहेत, उशीर चालत नाही, आणि वरून उतरताना ती तीन वळणं, तुम्हाला माहितीच आहेत. तो म्हणाला, दोनला या, गाडी तयार असेल. कशाच्या जोरावर म्हणाला कोण जाणे. बाई पायी लॉन्ड्रीकडे निघाल्या, पाठमोऱ्या, हातात किल्ल्या नसल्यामुळे थोड्या अवघडलेल्या, आणि त्याला एकदम त्यांना हाक मारावीशी वाटली. हाक मारून काय सांगणार होता? की बाई, मी सकाळी थापा मारल्या? गाडी दुसरीकडे न्या? आणि मग इथे बसून काय करायचं, चहा प्यायचा? मिस्त्रींसारखा?

मिस्त्री आठवले की त्याला दार आठवायचं. गॅरेजच्या दाराशी एक उलटा डबा, डब्यावर मिस्त्री, हातात कप. शेवटची तीन वर्षं ते तिथेच बसले होते. त्याआधी असं नव्हतं. त्याआधी सगळं गॅरेज मिस्त्रींच्या बोटावर चालायचं, आणि हा, बावीस वर्षांचा, अंगात मस्ती आणि कान असे की पलीकडच्या गल्लीत कोणी नट पाडला तर हा त्याचं माप सांगेल. मिस्त्रींना कमी ऐकू येतं हे त्यानंच पहिल्यांदा ओळखलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. खिशात ठेवलं होतं, वेळ आल्यावर काढायला. मग तो टेम्पो आला. एक बारीक, चिरकी कुरकुर होती त्याला. टेम्पोवाला घाईत होता. केबिनमध्ये त्याची लहान मुलगी काचेला नाक लावून बसली होती, नाकाचा चपटा पांढरा ठिपका झाला होता. मिस्त्री इंजिनापाशी वाकले, बराच वेळ वाकले, नुसता तळहात ठेवून, आणि म्हणाले, डायनमोकडे बघ, बेअरिंग जातंय. आणि ह्यानं, चार गिऱ्हाइकं आणि सहा कामगारांच्या देखत, हसत हसत म्हटलं, "ह्यांना ऐकू कुठे येतं? टॅपेट आहे तो."

मिस्त्रींनी मान वर केली. "काय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

आणि सगळे हसले. त्या एका प्रश्नानं त्यांचं त्यांनीच सिद्ध करून टाकल्यासारखं झालं. टेम्पोवालासुद्धा हसला. काचेमागची मुलगी, मोठी माणसं हसतायत म्हणून, हसली. मिस्त्रींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, हात पुसले आणि ते दाराशी जाऊन बसले. ह्यानं टॅपेट बसवले, टेम्पो गेला. त्या दिवसानंतर मिस्त्रींनी इंजिनाला हात लावला नाही. काही महिन्यांनी त्यांनीच सळई त्याच्या हातात दिली, म्हणाले, ठेव तुझ्याकडे, कधीतरी उपयोगी पडेल. त्याला वाटलं, गादी मिळाली. टेम्पो परत कधी आला नाही, आणि गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे काम झालं, असं धरून तो चाळीस वर्षं निवांत झोपत आला होता.

एक वाजता भाचा जेवायला घरी गेला. जाताना नेहमीप्रमाणे समोर येऊन, तोंड दिसेल असा उभा राहून म्हणाला, "मामा, येतो अर्ध्या तासात. डबा खाऊन घे." रस्त्यावरची वर्दळ ओसरली. त्यानं डबा उघडला, पोळीचे दोन घास खाल्ले, चावण्याचा आवाज नकोसा झाला आणि डबा बंद केला. पिकअपचं बॉनेट अजून उघडंच होतं. त्यानं इंजिन सुरू केलं आणि समोर उभा राहिला. काहीच नाही. घरघर. त्यानं हात पुढे नेला आणि मागे घेतला. मिस्त्रींनी त्या दिवशी तळहात ठेवला होता तेही कामगारांना विनोदीच वाटलं होतं, डॉक्टर नाडी बघतायत, असं कोणीतरी म्हणालं होतं. कोणी कशाला, हाच म्हणाला होता.

पुढच्या बाजूला, पंख्याच्या मागे, वायरींचा एक गुंता लोंबत होता. तो बाजूला केल्याशिवाय आत काही दिसेना. त्यानं एका हातानं वायरी बाजूला धरल्या, दुसऱ्या हातात बॅटरी घेतली. सळई घ्यायला तिसरा हात नव्हता. कानाला लावून उपयोग नव्हताच, पण निदान टोकानं ती एक नळी तरी ढकलता आली असती. म्हणून त्यानं सळईची मूठ दातात धरली, सुतार खिळे धरतो तशी, आणि फिरत्या पंख्यापासून तोंड दूर ठेवून, टोक जपून खाली सोडलं. टोक वॉटर पंपाच्या अंगाला टेकलं.

खुळखुळ.

त्यानं झटकन तोंड बाजूला केलं. आवाज थांबला. कोणी बघत तर नाही ना, म्हणून त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मग परत मूठ दातात घट्ट धरली आणि टोक टेकवलं. खुळखुळ, खुळखुळ. दातांतून जबड्यात, जबड्यातून कवटीत, सगळीकडे. ड्रममध्ये सुटलेलं बटण. बाईंनी सांगितलं होतं तसं, अगदी तस्संच. दोन वर्षांत त्याला इतकं स्पष्ट काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं टोक अल्टरनेटरला लावलं, तिथे एकसारखी साफ शीळ. इंजिनाच्या डोक्याला लावलं, टॅपेट ओळीनं टकटक करत होते, शहाण्या मुलांसारखे. पुन्हा पंपावर आणलं, पुन्हा ते बटण. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसंच वाहिलं.

त्यानं इंजिन बंद केलं, पंखा थांबू दिला आणि हातानं धरून पुढे-मागे हलवून पाहिला. पंखा बोटभर हलला. पंखा पंपाच्याच दांड्यावर बसलेला असतो; पंपाचं बेअरिंग पार गेलं होतं. आणखी एक-दोन फेऱ्या, की पंप अडकला असता, पट्टा तुटला असता आणि त्याच पट्ट्यावर चालणारं पॉवर स्टिअरिंग भरल्या गाडीत एकदम जड झालं असतं, वरच्या तीन वळणांपैकी कुठल्यातरी वळणावर. पंखा हातानं हलवून बघायला कान लागत नाही. भाच्यानं पुढून म्हटलं तेव्हा नुसता हात लावला असता तरी कळलं असतं. पण त्याच्या तोंडून पत्रा हा शब्द गेला होता, आणि पत्रा म्हटल्यावर पंख्याला हात लावायचा म्हणजे हो म्हटलं ते खोटं होतं असं चारचौघांत सांगण्यासारखं होतं. त्या एका शब्दासाठी त्यानं बाईंना सकाळी या गाडीत चक्कर मारायला जाऊ दिलं होतं.

सळई अजून तोंडातच होती. ती काढताना त्याच्या लक्षात आलं की दात सुटत नाहीयेत. ते कशाततरी नीट बसले आहेत. त्यानं मूठ बाहेर काढली आणि उजेडात धरली. चार-पाच खोलगट खुणा, एका ओळीत, थुंकीनं ओल्या. उलट्या बाजूलाही तशाच दोन, त्याहून लहान. उंदीर नव्हते. पकड नव्हती. त्यानं मूठ परत तोंडात धरली, हळू, आणि प्रत्येक दात आपापल्या जागी जाऊन बसला.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री कधी घरी जायचे नाहीत. सगळे गेले की गॅरेजचं अर्धं दार ओढून घ्यायचे. कामगार म्हणायचे, म्हातारा कंजूष आहे, डब्यात काय आणलंय ते कोणाला दाखवत नाही. तोही म्हणायचा. सुट्टीनंतर मिस्त्री बरोबर सांगायचे, ह्या गाडीचं हे, त्या गाडीचं ते, आणि कधी चुकायचे नाहीत. त्या टेम्पोच्या वेळी मधे सुट्टी मात्र झाली नव्हती. टेम्पोवाला घाईत होता. चारचौघांत सळई दातात धरायची त्यांना लाज वाटली असेल, म्हणून त्यांनी तळहातावर भागवलं आणि तरीही बरोबर सांगितलं असेल. की नसेल? टॅपेटच होता का? त्यानं तो आवाज आठवायचा प्रयत्न केला, ती बारीक, चिरकी कुरकुर, पण इतक्या वर्षांत त्या आवाजावर स्वतःच्या हसण्याचा आवाज चढला होता. टॅपेट असा चिरका कधी वाजतो का? बेअरिंग वाजतं. काचेवरचा नाकाचा पांढरा ठिपका त्याला स्पष्ट दिसला. टेम्पो परत आला नव्हता. तो उलट्या डब्यावर जाऊन बसला, दाराशी, आणि त्याला समजेना की आपण कोणाची वाट बघतोय.

भाचा आला तेव्हा पंप निम्मा सुटला होता. त्यानं पंख्याला हात लावला, बोटभर हलला तसा मामाकडे पाहिलं आणि नवा पंप आणायला गेला. दोनला बाई आल्या. गाडीच्या पोटातून अर्धे भाग जमिनीवर मांडलेले बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"साडेतीन होतील," तो म्हणाला. "पंपाचं बेअरिंग गेलंय. पत्रा नव्हता."  बाई तोंड उघडणार इतक्यात तो म्हणाला, "सकाळी तुम्ही विचारलंत, ऐकलंत का, आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. मला ऐकू आलं नव्हतं. मला येत नाही ऐकू."

बाईंनी विचारलं, "मग पत्रा कशाला आवळलात?"

"बहुतेक वेळा पत्राच असतो."

"बहुतेक वेळा," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. बाजूला जाऊन त्यांनी हॉस्पिटलात फोन केला, पाठ करून. काय बोलल्या ते त्याला समजलं नाही, पण खांद्यांवरून समजलं.

पंप बसला. पट्टा चढला, पाणी भरलं. भाच्यानं इंजिन सुरू केलं आणि बाजूला झाला. तिघंही बॉनेटभोवती उभे होते, शिवाय शेजारचा टायरवाला उगाचच डोकावत होता. त्यानं सळई घेतली. मूठ तोंडापर्यंत नेली आणि हात तिथेच थांबला. टायरवाल्याच्या तोंडावर हसू यायला सुरुवात झाली होती, अजून पूर्ण आलं नव्हतं. त्यानं मूठ दातात धरली, वाकला, आणि टोक नव्या पंपावर टेकवलं. साफ. पट्ट्याची सळसळ तेवढी. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, लागत होतं त्याहून जास्त.

सरळ झाला तेव्हा बाई काहीतरी बोलत होत्या. इंजिनाच्या आवाजात, आणि या वेळी हळू. ओठ हलले, थांबले, त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या जिभेवर सवयीनं हो आला. तो त्यानं गिळला, गिळण्याचा आवाज डोक्यात मोठा झाला, आणि मग त्यानं भाच्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाल्या?"

टायरवाला हसला असेल किंवा नसेल. त्यानं तिकडे पाहिलं नाही. तो भाच्याकडे पाहत होता, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. जराही नव्हतं. दोन वर्षं डाव्या बाजूला येऊन उभा राहणारा, जाताना समोर येऊन बोलणारा, पोपट म्हटलं तरी हसणारा हा माणूस फडक्याला हात पुसत, आत्ताही, सवयीनं त्याच्या डाव्या बाजूला आला.

"ताई म्हणतायत," भाचा कानाजवळ म्हणाला, "पुढच्या वेळी हो म्हणायच्या आधी सांगा."

त्यानं बाईंकडे पाहिलं आणि तो "हो" म्हणाला. ऐकून म्हणाला.